आधी भगोणं, मग हॉब

मॉड्युलर किचन करायला घेतलं की पहिला आठवडा कसा मस्त जातो. शटरचा रंग कुठला, हँडल हवं की हँडललेस, ग्रॅनाइट की क्वार्ट्झ, ड्रॉवर किती... दोघंही आपापल्या ऑफिसातून लंच ब्रेकमध्ये एकमेकांना फोटो पाठवत असतात. मग कोटेशनच्या तिसऱ्या पानावर एक बारीकशी ओळ सापडते : 'हॉब - कस्टमर स्कोप'. म्हणजे शेगडी तुमची तुम्ही आणा. आणि इथून भांडणं सुरू होतात.

हॉब म्हणजे काय, हे एकदा सांगून टाकते, कारण शोरूममध्ये विचारायला आपल्याला लाज वाटते. ओट्यावर ठेवलेली, पाय असलेली, उचलून खालून पुसता येणारी ती शेगडी. त्यालाच कॅटलॉगमध्ये कुकटॉप म्हणतात. आणि ओट्याच्या दगडाला चौकोनी भोक पाडून त्यात बसवलेला, वर फक्त काच आणि बर्नर दिसणारा तो हॉब. दिसायला एकदम टकाटक. पण एकदा दगड कापला की कापला. शेगडी नाही आवडली तर पुढच्या दिवाळीला बदलता येते, हॉब बदलायचा तर त्याच मापाचा शोधावा लागतो. लग्न आणि लिव्ह-इनमधला फरक म्हणा हवं तर.

आता बहुतेक जण सुरुवात कुठून करतात? बर्नर तीन की चार, काच काळी की पांढरी, नॉब समोर की बाजूला. माझं म्हणणं, ही सगळी शेवटची पानं आहेत. पहिलं पान माळ्यावर आहे. आधी स्टूल घ्या, माळ्यावर चढा आणि आपल्या घरात भांडी कुठली आहेत ते बघा. हॉब भांड्यांसाठी असतो, भांडी हॉबसाठी नसतात. हे ऐकायला फारच साधं वाटतं, पण ज्या शोरूममध्ये एकही भांडं मांडलेलं नसतं तिथे ते बरोब्बर विसरायला होतं.

माझी एक मैत्रीण मूळची धुळ्याची. आयटीत आहे, वाकडला टू बीएचके घेतला. किचन पांढरंशुभ्र, त्यात चार झोनचा काळ्या काचेचा इंडक्शन हॉब जवळजवळ फायनल झालेला. शनिवारी ग्रॅनाइट कापायला माणूस येणार आणि गुरुवारी धुळ्याहून आई आली. सोबत दोन पिशव्या. एकीत कळण्याचं पीठ, पापड, शेव. दुसरीत जुन्या साडीत गुंडाळलेलं पितळेचं भगोणं. पुण्यामुंबईकडे पातेलं म्हणतात, खानदेशात भगोणं. आईच्या लग्नात सोनगीरहून आणलेलं, बुडाशी जाड, कडेला ठोक्यांचे बारीक बारीक चट्टे. आईचं म्हणणं एवढंच, की खिचडी यातच करायची.

मैत्रिणीने शोरूममध्ये फोन लावला. "मॅडम, पितळ इंडक्शनवर चालत नाही," पलीकडून उत्तर आलं. "पण आता पितळ कोण वापरतं? शोपीस म्हणून ठेवा नाहीतर मोडीत द्या. आम्ही तुम्हाला इंडक्शन बेसचा सेट फ्री देतो."

मोडीत. हा शब्द आईने स्पीकरवर ऐकला. पुढचं मी लिहीत नाही, तुम्हालाही आई आहे.

पण प्रश्न खरा होता. हॉब तर एकदाच घ्यायचा, तो या एका भगोण्यासाठी बदलायचा का? मी त्या आठवड्यात त्यांच्याकडे जेवायला गेले होते आणि योगायोगाने त्याच हिवाळ्यात सोनगीरला जाऊन आले होते, म्हणून निकाल माझ्यावर सोपवला गेला. निकाल सांगते, पण आधी सोनगीर.

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने शिरपूरच्या दिशेने निघालं की साधारण वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. रस्त्यावरूनच टेकडीवरचा किल्ला दिसतो. जुनं नाव सुवर्णगिरी. नावात सोनं असलं तरी गावाची ओळख पितळेची आणि तांब्याची. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्येही सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांची नोंद आहे. खानदेशात आजही जुन्या घरात हंडा, घागर, बंब किंवा परात उचलून विचारा, 'सोनगीरचं आहे' असं निम्म्या वेळा तरी ऐकू येईल. म्हणणाऱ्याच्या आवाजात थोडी ऐट असते, पैठणी येवल्याची आहे हे सांगताना असते तशीच.

मी एका दुकानात शिरले आणि इंडक्शनचं डोक्यात असल्यामुळे पर्समधलं छोटं लोहचुंबक काढून एका पातेल्याच्या बुडाला लावून बघितलं. चिकटलं नाही. दुकानातले काका हसायला लागले. "ताई, हाई पितय शे. चुंबक कसाले लावतस?" अहिराणीत आपल्या 'ळ'चा 'य' होतो, त्यामुळे पितळेचं पितय. म्हणजे, अहो हे पितळ आहे, चुंबक कशाला लावताय? मी म्हटलं, पुण्यात हल्ली आधी चुंबक लावतात, मग भांडं घेतात. काकांना ते भांड्याचा अपमान केल्यासारखं वाटलं असावं. त्यांनी एक हंडा उचलून टिचकी मारली, तो घंटेसारखा वाजला, आणि हीच खरी परीक्षा असं मला सांगितलं.

दोघांच्याही परीक्षा बरोबर आहेत, फक्त प्रश्नपत्रिका वेगळ्या आहेत. इंडक्शनचा फंडा असा. काचेखाली तारेचं वेटोळं असतं, त्यातून सेकंदाला वीसेक हजार वेळा किंवा त्याहून जास्त दिशा बदलणारा वीजप्रवाह जातो. त्यामुळे चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि वर ठेवलेल्या भांड्याच्या बुडातच विजेचे भोवरे फिरायला लागतात. बूड लोखंडाचं किंवा चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचं असेल तर हे भोवरे अगदी पातळ थरात दाटीवाटीने वाहतात, त्यांना भरपूर अडथळा होतो आणि त्या अडथळ्यातूनच उष्णता निर्माण होते. सकाळी ८:१२ च्या लोकलच्या दारात काय होतं, तसंच. तांब्या-पितळेत मात्र वीज इतकी आरामात वाहते की अडथळाच फारसा नाही, मग तापणार काय? बहुतेक इंडक्शन तर भांडं ठेवलंय हे मान्यच करत नाहीत, टुक टुक करून बंद पडतात. गंमत म्हणजे काचेखालचं ते वेटोळं तांब्याच्याच तारेचं असतं. तांब्याचं भांडं चालत नाही, पण तांब्याशिवाय इंडक्शनही चालत नाही.

(जपानमध्ये तांबं आणि अॅल्युमिनियमही तापवणारे इंडक्शन निघालेले आहेत. ते बरेच महाग असतात आणि आपल्याकडच्या शोरूममध्ये सहसा दिसत नाहीत, म्हणून तो विषय कंसात.)

आणि हे फक्त पितळेपुरतं नाही बरं का. आईने दिलेला अॅल्युमिनियमचा जुना कुकर, चहाचं जर्मनचं पातेलं, बऱ्याचशा साध्या स्टीलच्या कढया, यातलं कितीतरी चुंबकाला चिकटत नाही. फ्रिजवरचं मॅग्नेट काढून अर्धा तास घरभर फिरा. जे चिकटतं ते एका बाजूला, जे नाही ते दुसऱ्या बाजूला. माझ्या मैत्रिणीकडे सतरा भांड्यांपैकी पाच चिकटली. म्हणजे फ्री मिळणारा सेट हा गिफ्ट नव्हताच, ती गरज होती.

आता भांड्यांबद्दल एक गोष्ट, जी मला सोनगीरला जाईपर्यंत नीटशी कळली नव्हती. आजीचं पितळेचं पातेलं म्हणजे नुसता नॉस्टॅल्जिया नाही. पितळ स्टेनलेस स्टीलपेक्षा साधारण सातपट चांगलं उष्णता पसरवतं, तांबं तर पंचवीसपट. म्हणून जाड बुडाच्या पितळी भांड्यात खिचडी मधेच करपून कडेला कच्ची राहत नाही, दूध पटकन खाली लागत नाही. कंपन्या 'ट्राय-प्लाय' म्हणून जे महागडे पॅन विकतात, त्यात स्टीलच्या दोन थरांमध्ये अॅल्युमिनियम कशासाठी भरलेलं असतं? ह्याचसाठी. स्टीलला जे जमत नाही ते त्याच्या पोटात भरलेला धातू करतो. सोनगीरच्या भगोण्याला असा मधला थर लागत नाही.

मग गॅसच घ्यायचा का? थांबा, इंडक्शनचीही बाजू आहे आणि ती जोरदार आहे. गॅसच्या ज्योतीतली बरीच उष्णता भांड्याच्या कडेने वर निघून जाते. चांगल्या घरगुती बर्नरमध्येही सिलिंडरमधल्या उष्णतेपैकी जेमतेम दोन तृतीयांश भांड्यात पोचते. इंडक्शनमध्ये ८० ते ८५ टक्के पोचते. मे महिन्यात धुळ्याला किंवा जळगावला स्वयंपाकघरात उभं राहून पोळ्या लाटल्या असतील तर उरलेली उष्णता कुठे जाते ते वेगळं सांगायला नको. इंडक्शनवर पाणी लवकर उकळतं, काच एका फडक्यात पुसली जाते, दूध उतू गेलं तर ज्योत विझून गॅस पसरायची भीती नाही.

पैशाचं गणित मी एकदा पाकिटाच्या मागे केलं होतं, ते देते. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये जेवढी ऊर्जा असते तिचं युनिटमध्ये रूपांतर केलं तर साधारण १८० युनिट होतात. गॅसवर वाया जाणारी आणि इंडक्शनवर वाया जाणारी, दोन्ही वजा केली की एक सिलिंडर म्हणजे इंडक्शनचे अंदाजे १४० युनिट. आता आपल्या वीजबिलातला युनिटचा दर घ्या, १४० ने गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशी ताडून बघा. मात्र दर कुठला घेताय ते नीट पाहा. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, त्याच्या पुढे आणखी वरचे, अशा पायऱ्या आहेत. इंडक्शनचे युनिट नेहमी तुमच्या वरच्या पायरीवर जाऊन बसतात, खालच्या नाही. दोघांचं घर, एसी नाही, सिलिंडर दोन महिने पुरतो, अशांना फारसा फरक पडणार नाही. घरात दोन एसी आणि वर्क फ्रॉम होम असेल तर कॅल्क्युलेटर काढाच.

आणि पूर्ण इंडक्शन हॉब घेताना बिलावरचा 'मंजूर भार' हा रकाना वाचा. चार झोनचा हॉब सगळा एकदम चालू केला तर सात किलोवॉटच्या आसपास ओढू शकतो. त्याला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी लागतो. एकटं टेबलवरचं इंडक्शन दोन हजार वॉटचं असेल तर त्यालाही साध्या पाच-सहा अँपिअरच्या सॉकेटवर नाही, पंधरा-सोळा अँपिअरच्या पॉवर पॉइंटवरच लावायचं. शिवाय वीज गेली की जेवण गेलं. २००० च्या दशकातलं लोडशेडिंग ज्यांनी खानदेशात काढलंय, ते लोक आजही घरात विजेवर न चालणारी एक तरी शेगडी असावी म्हणतात. मला ते जुनाट वाटत नाही.

आता भरीत. हा मुद्दा खानदेशी माणसासाठी कायदेशीर स्वरूपाचा आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेव्हा त्याला इंडक्शनवर भाजणं हे जवळपास मानांकनाचा भंगच. खरं भरीत शेतात काड्यांच्या जाळावर, ते फ्लॅटमध्ये शक्य नाही, पण निदान ज्योत तरी हवी ना. भाकरीचंही तेच. तव्यावर शेकून शेवटी थेट जाळावर टाकली की ती टम्म फुगते. इंडक्शनवर ज्योतच नाही. बिडाचा तवा इंडक्शनवर मस्त तापतो, चुंबक त्याला घट्ट चिकटतं, पण खालचं वेटोळं लहान असेल तर मधे गोल तापतो आणि कडा थंड. मोठ्या भाकरीची कडा कच्ची राहते. शिवाय खरखरीत बुडाचा तवा सरकवला की काचेवर ओरखडे. ज्यांच्या घरी रोज ओट्स आणि आठवड्यातून दोनदा पास्ता होतो त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, पुढच्या पिढीला दाखवायला ठेवावा.

तर मैत्रिणीच्या घरचा निकाल. मी म्हटलं, दोन गॅसचे बर्नर आणि एक इंडक्शनचा झोन एकाच काचेत असलेला मिक्स हॉब बघ. मिळतात असे. तो बजेटमध्ये बसला नाही तर तीन बर्नरचा गॅस हॉब घे आणि दोन-तीन हजारांचं टेबलवरचं इंडक्शन वेगळं. सकाळचा चहा, अंडी, मॅगी, रात्री उशिरा गरम करायचं दूध इंडक्शनवर. कुकर, भाकरी, भरीत, भगोणं गॅसवर. पावसात सिलिंडर लांबला तरी घर चालतं, वीज गेली तरी चालतं. तिने दुसरा पर्याय घेतला. काळी काच गेली याचं तिच्या नवऱ्याला थोडं वाईट वाटलं, मग गॅस हॉबलाही काळी काच येते हे कळल्यावर बरं वाटलं.

मधला मार्ग म्हणून दोन गोष्टी लोक सुचवतात. एक, इंडक्शनवर ठेवायची लोखंडी चकती, तिच्यावर पितळेचं भांडं. चालतं, पण आधी चकती तापणार, मग भांडं, म्हणजे इंडक्शनचा फायदाच गेला, आणि चकती जास्त तापली की खालच्या काचेला आणि यंत्राला त्रास. मी नाही घेणार. दुसरी, इन्फ्रारेड शेगडी. तिच्यात काचेखालची तार लालबुंद होते आणि उष्णता वर जाते, त्यामुळे पितळ, तांबं, अॅल्युमिनियम, काहीही चालतं. फक्त बूड सपाट हवं, आणि बंद केल्यावरही काच बराच वेळ चटका देते. घरात रांगणारं बाळ किंवा उड्या मारणारी मांजर असेल तर विचार करा.

सपाट बूड हा शब्द आला म्हणून सांगते. हाताने ठोकून घडवलेल्या जुन्या भांड्यांचं बूड बरेचदा गोलसर असतं. चुलीवर ते छान बसतं, हॉबवर डगमगतं. म्हणून गॅस हॉब घेताना बर्नरच्या आधी वरची जाळी बघा, जिला पॅन सपोर्ट म्हणतात. ती बिडाची, जड आणि मधे थोडी खोलगट हवी. पातळ पत्र्याच्या दांड्यांवर पाच लिटरचं भगोणं ठेवून ढवळायला लागलात की काय होतं ते तुम्हीच बघा, मी नको.

बर्नरचं म्हणाल तर ते पितळेचे असतील तर उत्तम. मॉडर्न किचनमध्ये पितळ शोपीस म्हणून ठेवा म्हणणारी शोरूम त्याच दमात 'मॅडम, ब्रास बर्नर आहे' म्हणून पाच हजार जास्त मागते, हे मला फार आवडतं. छोटा बर्नर साधारण एक किलोवॉटचा, मधला पावणेदोन-दोनचा आणि मोठा, तीन कड्यांचा, साडेतीन-चारपर्यंत जातो. दोघांच्या घरात एक मोठा बर्नर पुरे. चार बर्नर साठ सेंटिमीटरच्या काचेत कोंबलेले असतील तर चार भांडी एकावेळी बसतच नाहीत, दुकानदाराला चार ताटल्या ठेवून दाखवायला सांगा.

एका गोष्टीवर मात्र पैसे वाचवू नका. फ्लेम फेल्युअर डिव्हाइस. बर्नरच्या कडेला एक छोटी दांडी असते, ज्योतीने ती गरम राहते तोवर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. दूध उतू गेलं, वाऱ्याने ज्योत विझली, की दांडी थंड होते आणि काही सेकंदांत गॅस आपोआप बंद. पेटवताना नॉब दोन-चार सेकंद दाबून धरावा लागतो, तेवढाच त्रास. कॉलवर असताना गॅसवर दूध ठेवणाऱ्या पिढीला याहून मोठी सोय नाही. आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून हॉबखालच्या कपाटाला तळाशी जाळी किंवा फट ठेवायला सुताराला बजावून सांगा. तो 'लूक जातो' म्हणेल. जाऊ दे लूक. सिलिंडरची केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर तारीख छापलेली असते, वाचलीये कधी?

पुण्यामुंबईत पाइप गॅस असेल तर दुकानातच सांगा, कारण त्याचे जेट वेगळे, सिलिंडरचे वेगळे. सिलिंडरच्या जेटवर पाइपचा गॅस लावला तर ज्योत मरतुकडी येते.

आता भगोणं वाचलंय, तर ते वापरायचं कसं तेही. कल्हई असल्याशिवाय त्यात आंबट काही करू नका. टोमॅटो, चिंच, ताक घातलेली कढी, सगळं कळकतं. कळकणं हा शब्द नव्या पिढीला माहीत नसेल, पण कळकलेल्या आमटीची चव एकदा घेतलीत की विसरणार नाही. कल्हई म्हणजे आत दिलेला कथिलाचा पातळ मुलामा, आणि कथिल साधारण २३२ अंशांना वितळतं. म्हणून हे भांडं मोठ्या बर्नरवर रिकामं तापत ठेवायचं नाही. आधी पाणी किंवा तेल, मग ज्योत, तीही मध्यम. आतली चमक जाऊन पिवळं दिसायला लागलं की पुन्हा कल्हई. पुण्यात कसब्यातली तांबट आळी आहे, तिथे चौकशी करा. धुळ्या-जळगावकडे गावातल्या भांड्याच्या दुकानात विचारलं की कल्हईवाल्याचा नंबर मिळतो. जळत्या निखाऱ्यावर भांडं, नवसागराचा पांढरा धूर आणि कापसाच्या बोळ्याने एका फटक्यात आतून चांदीसारखं होणारं पितळ, हे बघायला मुलांना घेऊन जा. मॉलपेक्षा स्वस्त पडतं.

सोनगीरच्या त्या दुकानात मी काकांना विचारलं होतं, स्वयंपाकाची भांडी कोण घेतं हल्ली? त्यांनी बाहेर मांडलेल्या वस्तूंकडे बोट दाखवलं. समया, घंटा, तांब्याच्या बाटल्या, लग्नात द्यायचे छोटे कलश पुढे होते. पातेली आणि भगोणी आतल्या फळीवर. आधी स्टीलने त्यांना चुलीवरून उतरवलं, आता काळी काच गॅसवरून उतरवतेय. पंजाबमध्ये अमृतसरजवळच्या जंडियाला गुरूच्या ठठेऱ्यांची पितळ-तांब्याची भांडी घडवण्याची कला युनेस्कोच्या यादीत गेली, २०१४ मध्ये. आमच्या सोनगीरचं नाव कुठल्या यादीत येईल तेव्हा येवो. पण यादीत जाऊन भांडं तापत नाही. ज्या घरात त्यात खिचडी होते, त्याच घरातून कधीतरी दुसऱ्या भांड्याची ऑर्डर जाते. शोकेसमधल्या समईला दुसरी समई लागत नाही, रोजच्या भगोण्याला मात्र झाकण लागतं, डाव लागतो, पुढच्या वर्षी लहान साइझ लागतो.

मी स्वतः तिथून दोन लिटरचं एक पातेलं घेतलं. वजनावर भाव, त्यावर घडणावळ. सोनाराकडे असतं तसं. बसमध्ये मांडीवर घेऊन धुळ्यापर्यंत आले आणि शेजारच्या मावशींनी ते उचलून, टिचकी मारून, पास केलं.

शेवटी एकच कामाची गोष्ट. हॉबचं मॉडेल ठरल्याशिवाय, आणि शक्यतो हॉब घरात आल्याशिवाय, ग्रॅनाइट कापू देऊ नका. साठ सेंटिमीटरच्या दोन हॉबची कापायची मापंही कंपनीगणिक वेगळी असतात, आणि मोठं पडलेलं भोक लहान करता येत नाही. शोरूमला जाताना बरोबर तीन गोष्टी न्या. मेजर टेप, फ्रिजवरचं मॅग्नेट आणि तुमच्या घरातलं सगळ्यात जड भांडं, पिशवीत घालून. सेल्समन हसेल. हसू द्या, आणि ते डिस्प्लेवरच्या मोठ्या बर्नरवर ठेवून, डाव फिरवून बघा.